कोकणात समुद्रावर जाताय? गाडी काढण्याआधी कॅलेंडरातली तिथी बघा!

ऊस कारखान्याला गेला, हरभरा-गहू घरात आला, पोरांच्या परीक्षा संपल्या, की घाटावरच्या गावागावांत एकच विषय निघतो. "औंदा कोकणात जायचं का?" मग भावकीतली चार घरं मिळून गाडी ठरवतात. कुठे बचत गटाच्या बायका निघतात, कुठे भजनी मंडळ, तर कुठे तालमीतली पोरं. गाडीचं भाडं ठरतं, मुक्काम ठरतो, कोणता मासा खायचा तेही ठरतं. पण समुद्रात पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे कुणी बघत नाही.

खरं तर तेच सगळ्यात आधी बघायला पाहिजे. किनाऱ्यावर घड्याळ चालतं ते समुद्राचं. खडकावरून चालत जायची वाट कधी उघडी असेल, किल्ल्यात पायी जाता येईल का, वाळूवर गाडी रुतेल का, पाण्यात उतरणं बरं की नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं भरती-ओहोटीत असतात. ते घड्याळ न बघता गेलेले पर्यटक अडकतात आणि काही वेळा जीव गमावतात. फेब्रुवारी 2016 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे 14 विद्यार्थी बुडाले. अख्खा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतरही किनाऱ्यावरून अशा बातम्या येतच असतात, आणि बुडणाऱ्यांत घाटावरून आलेल्यांची नावं बरीच असतात.

समुद्राचं हे वेळापत्रक समजायला फार शिक्षण लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणकीचा पाढा एवढ्यावर भागतं.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ

कोकणातल्या मच्छीमारांचा हा जुना ठोकताळा आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती.

समजा आज चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी 3 च्या सुमारास आणि पहाटे 3 च्या सुमारास समुद्र भरलेला असेल. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी 6 आणि संध्याकाळी 6. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. त्यामुळे अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास पाणी सगळ्यात खाली असतं.

शुद्ध पक्षात प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असं मोजायचं. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून सुरुवात करायची. काही तिथींचा हिशोब असा:

- प्रतिपदा : भरती पाऊण वाजता, ओहोटी 7 च्या सुमारास
- तृतीया : भरती सव्वादोन, ओहोटी साडेआठ
- पंचमी : भरती पावणेचार, ओहोटी 10
- अष्टमी : भरती 6, ओहोटी 12
- दशमी : भरती साडेसात, ओहोटी पावणेदोन
- द्वादशी : भरती 9, ओहोटी सव्वातीन
- पौर्णिमा आणि अमावास्या : भरती सव्वाअकरा, ओहोटी साडेपाच

या वेळा दिवसाच्याही आहेत आणि रात्रीच्याही, कारण साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते.

पाऊणपटच का, यामागचं कारण शेतकऱ्याला सहज कळेल. रात्री पाण्याच्या पाळीला शेतावर जाणाऱ्याने पाहिलेलं असतं, की चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो. समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्र ओढतो. चंद्राला उशीर झाला की भरतीलाही तेवढाच उशीर होतो. म्हणून प्रत्येक तिथीला भरती पाऊण तास पुढे सरकते.

मात्र हा ठोकताळा आहे, एसटीचं वेळापत्रक नव्हे. यात अर्धा-पाऊण तासाचा, कधी तासाभराचा फरक पडतो. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याकडे, मुंबईपेक्षा भरती थोडी आधी येते. नक्की वेळ हवी असेल तर मोबाईलवर गावाचं नाव टाकून त्यापुढे 'टाइड टाइम' असं शोधलं की त्या दिवसाच्या वेळा मिळतात. कोकणात काही ठिकाणी रेंज नसते, म्हणून निघण्याआधीच त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. आणि शेवटचा शब्द त्या गावातल्या माणसाचा मानावा.

उधाण आणि भांग

भरतीची वेळ कळली, पण पाणी किती चढणार हेही बघावं लागतं. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन जोर लावतात. त्यामुळे या दोन तिथी आणि नंतरचे दोन-तीन दिवस पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना काटते. पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. याला भांगाची भरती म्हणतात.

आणखी एक गोष्ट. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. ओहोटी संपल्यावर पहिला तासभर ते जागेवरच असल्यासारखं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासाला मात्र ते झपाट्याने वाढतं. "आत्ता तर पाणी लांब होतं," असं अडकलेले लोक सांगतात, त्याचं कारण हेच.

एकच तिथी, एका ठिकाणी चांगली, दुसरीकडे धोक्याची

महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा, असं शाळेत शिकवतात. पण तो सरळ नाही. सह्याद्रीच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात, मधल्या खाचेत वाळूची पुळण आणि नारळी-पोफळीत लपलेलं गाव, पुढे खाडी आणि पुन्हा कडा, असा हा किनारा आहे. काळा कातळ आणि लाल जांभा पाण्याने कोरून निघालेला. त्यामुळे प्रत्येक ठिकाणाची वेळ वेगळी.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. पूर्ण ओहोटीला तिथे वाळू-खडकावरून पायी जाता येतं. भरतीला चारी बाजूंनी पाणी. पायी जायचं तर उधाणाचे दिवस बरे, कारण तेव्हा पाणी जास्त मागे हटतं. पण तेव्हा ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किल्ल्यात शिरावं आणि पाणी पुन्हा चढू लागताच मागे फिरावं. उशीर झाला तर पाण्यात पाय घालू नये. किल्ल्यातच थांबून पुढच्या ओहोटीची वाट पाहावी किंवा होडीने यावं.

त्याखाली श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर. दर्शनानंतर भाविक प्रदक्षिणेला निघतात. ही वाट डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरत थेट समुद्रालगतच्या खडकांवर येते. लाटांनी त्या खडकांना मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत, बघत राहावं असं दृश्य. पण ही वाट फक्त ओहोटीला चालण्याजोगी असते. भरतीत लाट थेट वाटेवर येते. या ठिकाणी लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथल्या लोकांनी "आता जाऊ नका" म्हटलं तर देवाला खालूनच हात जोडावेत. प्रदक्षिणा राहिली म्हणून देव रागावत नाही.

आता रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातलं हेदवी बघा. दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ प्रसिद्ध आहेच, पण समुद्राकाठी उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. कातळाला पडलेली ही अरुंद, लांब भेग. भरतीची लाट या भेगेत घुसते आणि कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती घळ दिसेल. म्हणजे हरिहरेश्वरला टाळायची वेळ हेदवीला मात्र बघायची. फरक एवढाच, की बघायचं ते लांब, कोरड्या खडकावर उभं राहून. ओला, शेवाळलेला खडक दिसला की समजावं, इथपर्यंत लाट येते. तिथे सेल्फीसाठी पाय ठेवू नये.

पौर्णिमेला निघालेल्या मंडळींनी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सकाळी लवकर उरकावी आणि दुपारी खडकांकडे फिरकू नये. अष्टमीला निघालेल्यांना प्रदक्षिणेसाठी दुपारची वेळ मिळते. सहलीचा क्रम असा तिथीवर लावला तर किनारा नीट बघून होतो आणि धोकाही टळतो.

विहिरीत पोहणारा समुद्रात का बुडतो?

घाटावरच्या बऱ्याच पोरांना पोहता येतं. विहिरीत वरून सूर मारणारी, नदी आरपार करणारी पोरं गावोगावी आहेत. किनाऱ्यावर घात होतो तो याच भरवशामुळे. विहिरीचं पाणी जागेवर असतं. नदीचं पाणी एका दिशेने वाहतं. समुद्राचं पाणी लाटेबरोबर किनाऱ्याकडे येतं आणि खालून, मधल्या पट्ट्यातून जोरात परत जातं. ही परतीची ओढच माणसाला आत नेते.

ती ओळखायची कशी? सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत, थोडा गडद किंवा गढूळ दिसतो. तिथे लाटा फुटत नाहीत. नवख्या माणसाला तीच जागा आंघोळीला सगळ्यात चांगली वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्याकडे आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी तर किनारा उतरता आहे. चार पावलं आत गेलं की पायाखालची वाळू सरते आणि एकदम खोल पाणी लागतं.

ओढीत सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो. पाणी त्याच्यापेक्षा जोरात मागे खेचतं, दोन-तीन मिनिटांत दम संपतो आणि मग तो बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे पोहायचं असतं. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. त्यातून बाजूला निघालं की लाटाच किनाऱ्याकडे आणतात. पोहणं जमत नसेल तर उताणं पडून तरंगत राहायचं आणि एक हात वर करून हाक मारायची. ओढ खाली बुडवत नाही, फक्त लांब नेते. दम टिकला तर माणूस टिकतो.

खाडीच्या तोंडाशी तर आंघोळीला उतरूच नये. आंजर्ले, दाभोळ, देवबाग अशा ठिकाणी नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की नदीचं आणि खाडीचं पाणी एकत्र बाहेर धावतं. वरून शांत दिसतं, पण त्याला धार असते.

बाकीच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, पाळल्या मात्र जात नाहीत. दारू पिऊन पाण्यात जाऊ नये. अंधार पडल्यावर उतरू नये. जीवरक्षक असतील तिथेच आणि गुडघाभर पाण्यातच आंघोळ करावी. बायकांनी साडीत, पुरुषांनी जीन्स घालून पाण्यात जाऊ नये, भिजलेलं कापड पायाला गुंडाळतं. दहा-बारा जणांच्या गटात एक माणूस कोरडाच राहिला पाहिजे. त्याचं काम एकच, पाण्यातली डोकी मोजत राहणं.

कुणी बुडत असेल तर

बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा दुसरा माणूस बऱ्याचदा आधी जातो. हाताला हात धरून केलेली साखळीही एका मोठ्या लाटेत तुटते. त्यापेक्षा गाडीतला ट्यूब, बूच घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन, दोरी, काहीही तरंगणारं त्याच्याकडे फेकावं. ओरडून होडीवाल्यांना, मच्छीमारांना बोलवावं. किनाऱ्यावर त्यांच्याइतकी लवकर मदत दुसरं कुणी करू शकत नाही.

फोन नंबर सेव्ह करून ठेवावेत. कुठल्याही आणीबाणीला 112, रुग्णवाहिकेला 108, सागरी पोलिसांना 1093 आणि तटरक्षक दलाला 1554.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हे प्रकार करू नयेत, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावं, मदत येईपर्यंत. माणूस शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यावंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

गाडी वाळूवर उतरवू नका

ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते. त्यावर गाडी पळवायचा मोह होतो. चाक एकदा मऊ वाळूत बसलं की जितका ॲक्सिलेटर द्यावा तितकं ते खाली जातं. तोवर पाणी चढायला लागतं. ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी शिरतं आणि लाखोंची गाडी मातीमोल होते. याशिवाय पोलीस केस होते ती वेगळी. वाळूत कासवांची अंडी असतात, लहान मुलं खेळत असतात, हेही लक्षात ठेवायला हवं. गाडी रस्त्यालाच लावावी.

घाटावरून उतरायचं कसं, पुढे जायचं कसं

कराड-पाटणकडून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढे गुहागर. कोल्हापूरकडून आंबा घाटातून रत्नागिरी, फोंडा घाटातून कणकवली-देवगड-मालवण, आंबोलीतून सावंतवाडी-वेंगुर्ला. पुण्याकडच्यांना ताम्हिणी घाटातून माणगाव आणि तिथून हरिहरेश्वर-श्रीवर्धन जवळ. एसटी सगळीकडे जाते. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेची खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही स्टेशनं आहेत, पण स्टेशनपासून समुद्र बराच लांब असतो, हे धरून चालावं.

किनाऱ्याने वरून खाली यायचं तर खाड्या आडव्या येतात. इथे फेरीबोट कामाला येते, स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. गाडीसकट माणसं पलीकडे जातात आणि खाडीला घालावा लागणारा मोठा वळसा वाचतो. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्यातून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला अशा फेऱ्या चालतात. शेवटची बोट किती वाजता ते आधी विचारावं, नाहीतर रात्री पुन्हा सगळा वळसा पडतो.

गावं कोणती, बघायचं काय

वेसवीला उतरलं की मंडणगड तालुक्यातलं वेळास जवळ आहे. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, पण आता ओळखलं जातं ते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी खाल्ली किंवा विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडे सोडलं जातं. हे बघायला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लोक येतात, गावातल्या घरांतच राहतात आणि तिथेच जेवतात. म्हणजे कासव राखल्याचा पैसा थेट घराघरात जातो.

पुढे दापोली तालुक्यात केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. दाभोळची खाडी ओलांडली की गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. जयगडहून गणपतीपुळे. त्याखाली रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. उघड्या जांभ्यावर जुन्या माणसांनी कोरलेले प्राणी, मासे, माणसं. राजापूर तालुक्यात कशेळीला कोरलेला भला मोठा हत्ती आहे. 2022 मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. भर दुपारी भरती असेल आणि समुद्रावर काही करता येत नसेल, तेव्हा वाट वाकडी करून सड्यावर जावं. फक्त टोपी आणि पाणी बरोबर घ्यावं, सड्यावर सावली नसते. आणि शिल्पांवर चपला घालून चालू नये.

सिंधुदुर्गात विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वेंगुर्ला अशी रांग लागते. मालवणसमोरचा सिंधुदुर्ग किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतला. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्यावर होडीने जायचं. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणच्या पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत, म्हणून 1987 मध्ये तिथला समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

होडी, स्कूबा, पॅरासेलिंग यांचा हंगाम पावसाळा सोडून असतो. मे संपता संपता हे सगळं बंद होतं. पावसाळ्यात कुणी गुपचूप "नेतो" म्हणालं तरी जाऊ नये. बाकीच्या दिवसांतही परवाना आणि लाइफ जॅकेट विचारावं. जॅकेट नुसतं गळ्यात अडकवायचं नसतं, सगळे बंद आवळून घालायचं असतं. लहान मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट चालत नाही, ते वर निसटतं. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली तर पैसे गेले तरी चालतील, खाली उतरावं.

गावात पाहुण्यासारखं वागा

किनाऱ्यावरच्या गावात बहुतेकांचं पोट मासेमारीवर नाहीतर नारळ-सुपारी-आंब्यावर आहे. वाळूवर पसरलेली जाळी म्हणजे त्यांचं शेतच. त्यावरून चालू नये. वाळत घातलेल्या मासळीजवळ नाक दाबून व्हिडिओ काढू नयेत. मालवणकडे रापण ओढताना दिसली तर बाजूला उभं राहून जरूर बघावी. पन्नास-साठ माणसं किनाऱ्यावरून दोरखंड ओढून मोठं जाळं बाहेर काढतात आणि मिळालेली मासळी वाटून घेतात. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पाखाड्या घराघरांच्या मधून जातात, तिथे मोठ्याने गाणी लावू नयेत. वाडीतला नारळ खाली पडलेला असला तरी तो कुणाचा तरी आहे. आपल्या उसाच्या फडात कुणी शिरलं तर जसं वाटतं, तसंच त्यांनाही वाटतं.

घरगुती मुक्कामात जेवण हवं असेल तर आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर सांगावं. किती माणसं, किती शाकाहारी, किती ताटं माशाची. घरातली बाई त्या हिशोबाने लिलावातून मासळी आणते. दुपारी एक वाजता पंधरा माणसं दारात उभी राहिली तर तिचीही पंचाईत आणि पाहुण्यांचीही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी सुरमई मागण्यात अर्थ नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याची रीत आहे, त्यानंतर हंगामाला खरा जोर येतो.

आणि कचरा. प्लास्टिकच्या बाटल्या, वेफरच्या पिशव्या, मुलांचे डायपर, सगळं परत गाडीत भरावं. किनाऱ्यावर टाकलेलं भरतीला आत जातं आणि मच्छीमाराच्या जाळ्यात परत येतं.

निघण्याआधी एवढं करा

कॅलेंडर उघडून जायच्या दिवसांची तिथी बघा आणि तिची पाऊणपट काढा. कागदावर दोन वेळा लिहा, भरतीची आणि ओहोटीची. कागदाचा फोटो काढून सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. खडकाची ठिकाणं आणि पायी जायचे किल्ले ओहोटीच्या वेळेत बसवा. देवदर्शन, जेवण, सड्यावरची शिल्पं भरतीच्या वेळेत. मुक्कामाच्या घरी पोचलं की मालकांना एकच प्रश्न विचारा : "काका, इथं पाण्यात कुठं जायचं नाही?" त्या गावात कोणत्या खडकावरून, कोणत्या वळणावर कोण वाहून गेलं, हे त्यांना वर्षानुवर्षांचं माहीत असतं.

ते बोट दाखवतील ती जागा गाडीतल्या प्रत्येकाला दाखवा, विशेषतः तालमीतल्या पोरांना.